कंपनी विकायचीय? आधी वह्या आवरा

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत हल्ली टपरीवरसुद्धा हाच विषय, पोरगा पुण्यात नाहीतर अमेरिकेत, त्याला कारखान्यात रस नाही, मग विकून टाकू म्हणे. पण घेणारा फंड किंवा मोठी कंपनी असेल तर आधी त्यांचे सीए मागच्या तीनेक वर्षांचे हिशोब पिंजून काढतात. घरची गाडी, वहिनींचा पगार, पुतण्याच्या लग्नाचा खर्च, सगळं कंपनीत टाकलेलं असतं ना, ते वेगळं काढून खरा एबिटडा, म्हणजे व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा, दाखवावा लागतो, आणि कच्च्यातला, बिलाशिवायचा धंदा कोणी धरतच नाही.

जागेचंही तसंच. एमआयडीसीचा प्लॉट आपला नसतो हो, ९५ वर्षांच्या लीजवर असतो! ट्रान्सफर चार्जेस किती लागतील, मागे वाढवलेली शेड मंजूर प्लॅनमध्ये आहे का, प्रदूषण मंडळाची कन्सेंट, म्हणजे परवानगी, चालू आहे का, हे डील अर्ध्यावर आल्यावर निघालं की समोरचा भाव पाडणारच.

आणि बहुतेक माल एकाच गिऱ्हाईकाला जातोय, तोही शेठच्या ओळखीवर, तर मी म्हणेन आत्ता विकूच नका, दोन वर्षं थांबा, नवी गिऱ्हाईकं जोडा, कोटेशन-परचेसचं काम मॅनेजरच्या हातात द्या. बऱ्याच शेठना नेमकं हेच जड जातं.