समासातली साक्ष

पाऊस लागून बसला की आमच्या वाचनालयात जागा पुरत नाही. डवरणी बंद, निंदण बंद, फवारणी तर बंदच. वावरात जाऊन करायचं काय? मग माणसं फाट्यावरच्या टपरीतून उठून आमच्याकडे येतात, ओल्या छत्र्या दारातच उघड्या टाकतात आणि एका पेपरची चार पानं चौघांत वाटून घेतात.

दारव्हा तालुक्यातलं गाव, ग्रामपंचायतीची जुनी खोली, ‘ड’ वर्गाचं वाचनालय. मी तिथली ग्रंथपाल. लिपिक, शिपाई आणि झाडणारी बाईही मीच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अशा वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं म्हणून आमचं दार उघडं आहे, पण त्यातून नवी पुस्तकं येतात ती मोजकीच. त्यामुळे कुणी घरचं कपाट रिकामं करतो म्हटलं की आम्ही नाही म्हणत नाही. बहुतेक वेळा आत निघतात दहावीची गाईडं आणि लग्नाच्या आहेरात आलेली, कधी न उघडलेली चरित्रं.

त्या दिवशी आलेली खोकी वेगळी होती. आमच्याच गावचे एक सर नागपूरला फार्मसीच्या पोरांना शिकवून निवृत्त झाले. घर लहान करताना त्यांनी पुस्तकं गावाकडे पाठवली. वरच रहस्यकथा लिहिणाऱ्या ॲगाथा ख्रिस्तीचे अनुवाद. त्याखाली बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, हात लावला की कोपरा गळून पडेल अशा अवस्थेत. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, मधेच नारायण धारपांचं एखादं भूत. आणि त्यांनाच टेकून ‘एक होता कार्व्हर’, मारुती चितमपल्लींची जंगलाची पुस्तकं, जिम कॉर्बेट, बोटांच्या ठशांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक, आणि कॅथरिन हारकप नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईनं २०१५ साली ख्रिस्तीच्या विषांवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक. विषयाप्रमाणे लावायचं म्हटलं तर निम्मी कादंबऱ्यांच्या कपाटात आणि निम्मी माहितीपर, पण सरांनी ती एका फळीवर ठेवलेली असणार हे कळत होतं. मला ती मांडणी पटली. आमच्या गावातही कॉर्बेट कुणी निसर्गलेखन म्हणून वाचत नाही. पांढरकवड्याकडच्या टी-वन या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीला २०१८ मध्ये मारलं, त्यानंतर कॉर्बेटच्या चंपावतच्या वाघिणीची गोष्ट आमच्याकडे कपाटात थांबलीच नाही. ४३६ बळींचा आकडा इथल्या पोरांना पाठ आहे. माग काढणं, साक्षी घेणं, शेवटी गाठणं हे सगळं त्यात आहेच की. कार्व्हरचंही तसंच. कापसानं खंगलेली जमीन आणि भुईमुगाचा उपाय म्हटलं की आमच्याकडचा कापूसवाला सरसावून बसतो.

निवृत्त हवालदारकाका ठशांचं पुस्तक घेऊन खिडकीशी गेले ते मोठ्यानं वाचतच सुटले. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे फौजदार राबले, आणि पद्धतीला नाव लागलं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं.

“पाहा बेटा,” काका म्हणाले, “काम हाताखालच्याचं, नाव साहेबाचं. तवाही असंच होतं म्हंजे.”

मी दाखल रजिस्टर उघडून बसले होते. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पुस्तकाला दाखल क्रमांक द्यायचा, नावाच्या पानावर शिक्का मारायचा, आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर पुन्हा शिक्का मारायचा. त्याला गुप्त पान म्हणतात. पहिली पानं फाडून कुणी पुस्तक लांबवलं तरी आतला शिक्का बोलतो. आमचं गुप्त पान कितवं ते इथे लिहिणार नाही.

खोक्यातल्या दोन रहस्यकथा आमच्याकडे आधीच होत्या. कोणती प्रत धड आहे ते पाहायला मी कपाटातली जुनी काढली, सवयीनं गुप्त पान उघडलं, तर समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: “असं नाही होत.”

शेजारच्या मजकुरात एक शेठजी कॉफीचा घोट घेऊन खुर्चीतच गार झाले होते. पान उलटलं. डॉक्टर येऊन नाडी पाहतो त्या ओळीपाशी पुन्हा पेन्सिल: “आधी घाम येते. मंग लाळ. डोयाची बाहुली मोहरीएवढी होते. हे कोनी पायलं नाही काय?”

आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी आहे, पुस्तकावर काही लिहू नये. पोरं तरीही लिहितात. खुन्याचं नाव पहिल्या पानावर लिहून ठेवणारा एक महाभाग आम्ही मागे पकडला होता. पण हे तसं नव्हतं. मी रहस्यकथांचं अख्खं कपाट खाली उतरवलं. जिथे जिथे विष होतं तिथे तिथे पेन्सिल होती. सुरा, पिस्तूल, कड्यावरून ढकलणं यांना या वाचकानं हातही लावला नव्हता. एका कादंबरीत विष पोटात गेलेला तरुण वाचतो, दुसऱ्या सकाळी उठून बसतो, इन्स्पेक्टरला जबाब देतो आणि घरी जातो. तिथे समासात जरा घाईनं लिहिलेलं होतं: “बरा दिसते पन तिसऱ्या-चवथ्या दिवशी मान उचलत नाही. त्याले घरी नका नेऊ.”

मी ते वाक्य हवालदारकाकांना दाखवलं. काकांचे डोळे चमकले. ठशांचं पुस्तक मिटलं गेलं.

“बेटा, हा लिवणारा एक तं डॉक्टर हाय, नाही तं त्यानं कोनाले तरी मारलं हाय.”

मग खोलीत जो तो बोलायला लागला. कृषी केंद्रात बसणारा मुलगा म्हणाला, डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहिला तरी कळतं, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, लेखकांना एवढंही माहीत नसतं. काकांनी त्यांच्या काळातले मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या चौकश्या, काढल्या. व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातले अवयव, मिठाच्या पाण्यात राखून बरणी सीलबंद करून पाठवायची, मग अहवालाची वाट पाहत बसायचं. कादंबरीत इन्स्पेक्टर संध्याकाळीच विषाचं नाव सांगतो याचा त्यांना जुना राग आहे. निवृत्त मास्तर म्हणाले, करमणुकीच्या पुस्तकात एवढं काय पाहायचं. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

मी नागपूरला सरांना फोन लावला. खोकी पोचल्याचं सांगायचंच होतं. समासातली वाक्यं वाचून दाखवली तसं त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला सांगितली, सावकाश.

“हे ऐकीव नाही,” ते म्हणाले. “ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकाची बाधा अशीच दिसते. शरीरातलं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पडतं, म्हणून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या आकसतात, छाती भरते. उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. आणि मान उचलत नाही असं लिहिलंय ना, ते तर फारच नेमकं आहे. रुग्ण सावरल्यासारखा वाटतो आणि एक ते चार दिवसांत मानेचे, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये त्याचं वेगळं वर्णन केलं. तुमच्या गावात हे कोण जवळून पाहून आलंय?”

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय! २०१७ च्या हंगामात पराटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली होती, हवेत उकाडा, फवारा खाली मारायचा तो तोंडावर यायचा, आणि बोंडअळीच्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारणं चाललं होतं. आमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. दिल्ली-मुंबईचे पत्रकार येऊन गेले, चौकशी समिती बसली, काही औषधांवर काही काळ बंदी आली.

एकच घर शोधायचं तर काम आमच्या कागदांवर होतं. पेन्सिल पडलेल्या पुस्तकांच्या मागच्या तारीख पट्ट्या काढल्या, देवघेव रजिस्टर लावलं. निरनिराळे वाचक, निरनिराळी वर्षं, पण एक सभासद क्रमांक सगळीकडे होता. तो एका आजोबांचा निघाला. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हात धरून चालवावं लागतं. हवालदारकाका रजिस्टरवर बोट ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. मला तोवर कळलं होतं. आजोबा कधी येतच नाहीत. सून येते, पिशवीतून पुस्तकं काढते, “बाबाले दुसरं पाहिजे” म्हणते आणि कपाटासमोर तिला जेवढा वेळ लागतो तेवढा सासऱ्यासाठी पुस्तक निवडायला कुणाला लागत नाही.

चारच्या सुमारास ती आली. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, तिच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन पुस्तकं कोरडी ठेवलेली. मी तिला कपाटामागे नेलं आणि ते पान समोर धरलं.

“ताई, दंड किती बसते?” तिनं पहिलं हेच विचारलं.

“दंडाचं राहू द्या. हे तुम्ही लिहिलं?”

“मंग काय करू? खोटं लिवलं हाये सारं.”

आणि तिनं सांगितलं. नवरा दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारायला गेला होता. संध्याकाळी घरी आला तो घामानं निथळत. तिला वाटलं, उन्हाचा. रात्री ओकाऱ्या, मग दवाखाना, मग यवतमाळ. दुसऱ्या दिवशी तो बोलला, चहा मागितला, शेजारच्या खाटेवरच्यांनी तिला सांगितलं की तुमचा सुटला. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी पाजायला डोकं उचललं तर मान हातातून मागे गेली. श्वासाची नळी लागली. तो वाचला. आता चौकात पानठेला चालवतो, पंपाला हात लावत नाही.

“मी सारं पायलं ना ताई. एका खाटीवर नाही, पाच-सहा खाटीवर. कोनी असं कप सोडून मरत नाही. लय टाइम लागते. आन् घरचे तवा काय करतात, कोन कोनाले फोन लावते, पैसे कोन आनते, ते त् ह्या पुस्तकात नसतेच.”

ज्या कीर्तिवंत लेखकांच्या रहस्यकथा मी आजवर वाचकांच्या हातात दिल्या त्यांच्यापैकी एकाचीही परीक्षा इतकी कडक झाली नसेल. मी तिला ख्रिस्तीबद्दल सांगितलं. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळाच्या औषध विभागात काम करत होती, १९१७ मध्ये औषधं बनवण्याची परीक्षा पास झाली. १९२० साली पहिली कादंबरी आली, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या पत्रिकेनं या बाईला विष कळतं म्हणून कौतुक केलं. १९६१ च्या एका कादंबरीत तिनं थॅलियमची बाधा अशी लिहिली, केस गळण्यापासून, की १९७७ मध्ये लंडनच्या इस्पितळात कतारहून आणलेल्या एका बाळाचं दुखणं डॉक्टरांना उमगेना तेव्हा तीच कादंबरी वाचत असलेल्या नर्सनं ते ओळखलं. बाळ वाचलं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. “त्या नर्सलेही दंड झाला काय?” एवढंच विचारलं.

मी विचारलं, विषाच्या गोष्टींचा एवढा राग, तर पुन्हा पुन्हा तीच पुस्तकं का नेता? त्यावर ती जरा लाजली. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या नातवानं तिला एक रहस्यकथा दिली होती, रात्र काढायला. तिनं सातवीनंतर पुस्तक धरलं नव्हतं. ते रात्रभर वाचलं. वाड्यातला म्हातारा, रात्रीचं दूध, पुतण्या, नर्स, वकील, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून डिटेक्टिव्ह उभा राहतो आणि पुढची पानं नाहीत. वरचंही पान नव्हतं, त्यामुळे नाव कळलं नाही. दवाखान्यातून आल्यावर ती शेवट शोधायला आमच्याकडे आली आणि शोधता शोधता अख्खं कपाट वाचून झालं.

कपाटापलीकडे हवालदारकाका पेपर उभा धरून बसले होते. पेपर उलटा होता.

“दुधात कोन टाकलं ते मी सांगतो,” ते तिकडूनच ओरडले. “रातपाळीत वाचलं हाये मी हे. कंपाउंडर! तो वकिलाच्या मांगं बसलेला.”

ती कपाटाआडून बाहेर आली. इतक्या वर्षांचा शेवट असा पेपरामागून मिळाल्यावर तिला काय वाटलं ते चेहऱ्यावर नीट दिसलं नाही, कारण ती आधीच हिशोब लावत होती.

“कंपाउंडर?” ती म्हणाली. “मंग काका, त्याले तरी बराबर विष माहीत पाहिजे होतं ना. म्हातारा त् दूध पेल्याबराबर मेला म्हने.”

काकांना यावर बोलता येईना. ती ख्रिस्तीचे दोन अनुवाद घेऊन टेबलाशी आली आणि मी रजिस्टरमध्ये आजोबांचा क्रमांक लिहायला लागले, तसा तिनं माझा हात थांबवला. अनामत किती असते, तिनं विचारलं, आपल्या नावानं भरायची तर.