त्या कार्टूनमध्ये पेगी कुठेच नाही

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन बसलाय ती खुर्ची मोडतेय, बाजूला जनतेच्या विश्वासाचा खांब कलंडलाय, राजीनामे उडतायत आणि पायाखालून चार उंदीर पळतायत, तोंडं मात्र माणसांची. चौघंही त्याचेच मंत्री. त्यातल्या एकाची, परराष्ट्रमंत्री व्हॅन ब्यूरेनची शेपटी जॅक्सनने पायाखाली दाबून धरलीय. १८३१ चं हे कार्टून, फिलाडेल्फियाच्या एडवर्ड क्लेचं. निवडणुकीत जॅक्सनकडून हरलेला आधीचा राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स, त्याने डायरीत लिहिलंय की फिलाडेल्फियात एका दिवसात २००० प्रती खपल्या.

जळगावात एका मित्राला मोबाईलवर हे दाखवलं, मागची भानगड सांगितली, तर तो म्हणे, "भो, पण ती बाई कुठंय यात?" नाहीच ना, आणि मला नेमकं तेच भावलं.

बाई म्हणजे पेगी ईटन. वॉशिंग्टनमधल्या खाणावळवाल्याची पोरगी, पहिला नवरा नौदलात होता तो १८२८ ला वारला, आणि १ जानेवारी १८२९ ला तिने सिनेटर जॉन ईटनशी लग्न केलं. लोकांनी आधीपासूनचं लफडं म्हणून बोंब ठोकली. तरी जॅक्सनने ईटनला युद्धमंत्री केलं, मग उपराष्ट्राध्यक्ष कॅल्हूनच्या बायकोने, फ्लोरिडने, पेगीकडे जाणं-येणंच तोडलं आणि बाकी मंत्र्यांच्या बायकांनीही फ्लोरिडचंच बघून तसंच केलं. आपल्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं अख्ख्या गल्लीला जातं आणि एकीच्याच दारावरून मुद्दाम पुढे जातं ना, अगदी तसं, फक्त इथे त्यापायी देशाचं मंत्रिमंडळ फुटलं. जॅक्सन हट्टाला पेटला त्याला कारण होतं, त्याची बायको राशेल हिच्या लग्नावरून विरोधकांनी निवडणुकीत इतकी घाण उडवली होती, आणि डिसेंबर १८२८ मध्ये ती गेली, तर तिला ह्या लोकांनीच मारलं असं तो मानायचा. पेगीत त्याला राशेल दिसत असणार, मला तरी असंच वाटतं.

१८३१ ला जवळजवळ सगळे मंत्री गेले, एक पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपाल खात्याचा प्रमुख, तेवढा राहिला. व्हॅन ब्यूरेन विधुर, घरी अडवायला कोणी नाही, तो पेगीशी नीट वागला, जॅक्सनची मर्जी बसली आणि १८३७ ला तोच राष्ट्राध्यक्ष झाला.

आता बघा, क्लेला पेगीचं कसलंही चित्र काढता आलं असतं, लोकांनी चवीने घेतलंही असतं, आजही आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेत्याचं काही निघालं की पहिलं कार्टून बाईवरच येतं आणि माझं डोकं फिरतं. त्याने बाईला सोडलं आणि खुर्चीला धरलं, म्हणून हे कार्टून मला मोठं वाटतं.

पण ह्याच क्लेने 'लाइफ इन फिलाडेल्फिया' नावाची मालिकाही काढली, त्यात शहरातल्या काळ्या लोकांचे कपडे, त्यांचं बोलणं, सगळ्याची टिंगल, ज्यांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं त्यांची. ती चित्रं बघून चीड येते, आणि उंदरांचं कौतुक करताना ती लपवून ठेवायची मला मान्य नाही.