टाळ्या जोरात, कोरस गायब

"ताई, टाळ्या मस्त पडतात हो. पण कोरस कुणी उचलत नाही," ढोलकीवाले दादा घाम पुसत म्हणाले.

परळच्या एका हॉलमध्ये जातीविरोधी गाण्यांचा कार्यक्रम. स्टेजवर भीमगीतं, समोर बहुतेक आमच्यासारखे सवर्ण, मोबाईल वर धरून बसलेले. १४ एप्रिलला नायगाव-वरळीत हीच गाणी लागली की शेंबडी पोरंसुद्धा ध्रुवपद पकडतात!

लंडनला ३० एप्रिल १९७८ रोजी व्हिक्टोरिया पार्कात वंशवादाविरुद्ध मोठी मैफल झाली. द क्लॅश बँडचं पंक रॉक, स्टील पल्स बँडचं रेगे संगीत. गोरे-काळे एकाच स्टेजवर. गर्दी मात्र बरीचशी गोऱ्या पोरांची. पण तिथे प्रवेश तरी फुकट होता.

पाचशेचं तिकीट लावून आपण नेमकं कुणाला बोलावतोय?