व्हेनिसचे ‘सोन्याचे घर’: का दोरो पाहून आल्यावर

का दोरो, म्हणजे व्हेनिसमधले पंधराव्या शतकातले आणि आता कलासंग्रहालय असलेले घर, पाहायला आम्ही पहिल्या दिवशी पायी गेलो, आणि तीच आमची चूक ठरली. सांता लुचिया रेल्वे स्थानकापासून स्त्रादा नोव्हा या रुंद रस्त्याने वीसेक मिनिटे चालल्यावर उजव्या हाताला एक अरुंद बोळ लागतो. त्या बोळात शिरल्यावर समोर येते ती एक साधी भिंत आणि तिच्यातले दार. व्हेनिसवरच्या बहुतेक सचित्र पुस्तकांत ज्या वास्तूचे दर्शनी चित्र असते, ती हीच, यावर आमचा क्षणभर विश्वास बसला नाही. व्हेनिसमधली जुनी घरे पाण्याकडे तोंड करून उभी असतात आणि जमिनीकडचे दार हे त्यांचे मागील दार असते, हे वाचलेले होते; पण वाचलेले ऐनवेळी आठवत नाही. त्यामुळे जाणाऱ्यांना पहिली सूचना अशी, की तिकीट काढून आत शिरण्याआधी ही वास्तू पाण्यावरून किंवा समोरच्या काठावरून पाहून घ्यावी.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक क्रमांकाची व्हापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक बोट, ग्रँड कॅनॉल या शहरातल्या मुख्य कालव्यातून जवळजवळ प्रत्येक धक्क्यावर थांबत सावकाश जाते आणि तिचा एक थांबा का दोरो याच नावाचा आहे. स्थानकाकडून येताना ही इमारत डाव्या हाताला येते, म्हणून बोटीत डाव्या बाजूस उभे राहावे. मात्र या बोटीच्या एका फेरीचे तिकीट साडेनऊ युरोचे होते आणि ते ७५ मिनिटेच चालते. दिवसभरात तीनचारदा बोटीने फिरायचे असेल, तर दिवसाचा पास परवडतो. दुसरा मार्ग आम्हाला अधिक आवडला. का दोरोच्या शेजारीच सांता सोफिया नावाचा छोटा चौक आहे, आणि तिथून दोन नावाडी वल्हवीत असलेली त्रागेत्तो, म्हणजे साधी उतारनाव, पलीकडच्या मासळी बाजारापाशी नेऊन सोडते. बाहेरच्या माणसाला तिचे दोन युरो पडतात आणि पैसे नावेतच रोख द्यायचे असतात. पलीकडे उतरून मागे वळून पाहिले, की अख्खी दर्शनी बाजू नजरेत मावते. ती साधारण नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सावलीत असते आणि दुपार कलल्यावर तिच्यावर ऊन येते. छायाचित्रे घ्यायची असतील, तर दुपारनंतरचीच वेळ धरावी.

समोरून पाहताना पहिल्यांदा जाणवते ते असे, की ही इमारत एका अंगाने बोलकी आणि दुसऱ्या अंगाने गप्प आहे. डाव्या बाजूला तळाशी पाण्यातून थेट आत शिरण्यासाठी कमानींची ओसरी आहे आणि तिच्यावर एकावर एक दोन जाळीदार सज्जे आहेत. त्यांतल्या टोकदार कमानी आणि त्यांच्या माथ्यावरची चार पाकळ्यांची छिद्रे पाहताना डोजच्या, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या निवडून आलेल्या प्रमुखाच्या, राजवाड्याची आठवण होते. उजवी बाजू मात्र बरीचशी सपाट संगमरवरी भिंत असून तिच्यात सुट्या खिडक्या आहेत. सगळ्यांत वर पांढऱ्या दगडी कंगोऱ्यांची रांग आहे, जी कुठल्याही शत्रूला थोपविण्यासाठी नसून केवळ शोभेसाठी आहे. मुंबईकरांना हे कमानींचे वळण अगदीच परके वाटणार नाही. ओव्हल मैदानासमोरच्या जुन्या सचिवालयाची १८७४ साली पुरी झालेली इमारत याच व्हेनेशियन गॉथिक धाटणीची आहे. फरक इतकाच, की तिथे ती धाटणी साहेबाने आणली आणि इथे ती पूर्वेशी चाललेल्या व्यापारातून, अरबी कमानींशी नाते जोडत, घरच्या घरी वाढली.

नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ‘का’ हे ‘कासा’ या शब्दाचे आखूड रूप असून त्याचा अर्थ केवळ घर असा होतो. प्रजासत्ताकाच्या काळात राजवाडा म्हणायचे ते फक्त डोजच्या निवासाला. बाकीचे सरदार आणि सावकार कितीही श्रीमंत असले, तरी त्यांचे ते घरच. हे घर बांधले मारिनो कोंतारिनी याने. ज्या घराण्यातून आठ डोज झाले, त्यातला हा धनाढ्य व्यापारी. आणि जागा होती त्याच्या पत्नीच्या माहेरची, झेन घराण्याची. १४२१ पासून पुढची जवळजवळ दोन दशके काम चालले. जोव्हान्नी बोन आणि त्याचा मुलगा बार्तोलोमेओ बोन यांच्या हाताखालचे स्थानिक पाथरवट एकीकडे आणि मिलानहून आलेल्या मात्तेओ रावेर्तीचे कारागीर दुसरीकडे, अशा दोन चमू इथे राबल्या. कोंतारिनी स्वतः हिशेबाला चोख होता, आणि त्याने राखलेल्या नोंदी टिकल्यामुळेच पंधराव्या शतकातील एका घराचे बांधकाम आज इतक्या बारकाईने ठाऊक आहे.

सोन्याची कथा याच कागदांत आहे. १४३१ साली झुआने दे फ्रान्झा या चित्रकाराशी करार झाला. त्यात कंगोऱ्यांवरचे गोळे, खांबांच्या माथ्यावरची पाने, सिंह आणि गुलाब यांवर सोन्याचा वर्ख चढवायचा, मधल्या भागांना मौल्यवान निळा रंग द्यायचा आणि वेरोनाचा लाल दगड तेल व रोगण लावून अधिक लाल दिसेल असा करायचा, असे ठरले होते. आज यातले सोने समोरच्या काठावरून शोधूनही दिसत नाही. खाऱ्या हवेने ते नेले आणि नाव तेवढे मागे राहिले. आपण जी पांढरी, संयत, लेससारखी इमारत पाहून ‘किती सुरुचिपूर्ण’ असे म्हणतो, ती मुळात सोनेरी, निळी आणि लाल अशी भडक होती. कोंतारिनीला ती आजच्या रूपात दाखविली असती, तर काम अर्धवट टाकल्याबद्दल त्याने बहुधा कारागिरांचे पैसे अडवले असते.

मारिनो १४४१ साली वारला. पुढे घर वारसांत विभागले गेले, हात बदलत गेले आणि खंगत गेले. खरा घाव मात्र दुर्लक्षाने घातला नाही, तर दुरुस्तीने घातला. १८४० च्या दशकात रशियन राजपुत्र अलेक्झांडर त्रुबेत्स्कॉय याने ते विकत घेऊन प्रसिद्ध बॅले नर्तकी मारिया ताल्योनी हिला दिले आणि काम जोव्हान बात्तिस्ता मेदुना या वास्तुविशारदाकडे सोपविले. मेदुना सामान्य माणूस नव्हता. आगीत जळालेले ला फेनिचे हे नाट्यगृह १८३७ साली भावाच्या साथीने त्यानेच पुन्हा उभे केले होते. पण इथे त्याने चौकातला मूळचा गॉथिक जिना पाडला, दगडी नक्षीचे भाग काढून टाकले आणि विहिरीचा कोरीव कठडासुद्धा घराबाहेर गेला. त्याच सुमारास इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन हातोड्यांच्या आवाजात समोर बसून उरलेल्या भागाचे चित्र काढीत होता. त्याचे ते १८४५ मधले जलरंगातील चित्र म्हणजे जुन्या दर्शनी बाजूची एक साक्षच होय.

आत शिरल्यावर आपण चित्रांकडे धावतो. आमचा आग्रह असा, की आधी तळमजल्यावर अर्धा तास काढावा, कारण या वास्तूचा इतिहास चित्रदालनांत नसून चौकात आणि पायाखालच्या फरशीत आहे. १८९४ साली हे घर जॉर्जो फ्रांकेत्ती याने विकत घेतले. तो तुरीनमध्ये जन्मलेला एक श्रीमंत सरदारपुत्र, आईकडून रोथशिल्ड या सावकार घराण्यातला, स्वतः संगीताचा अभ्यासक, आणि ज्याच्या ऑपेरा त्या काळी गाजत होत्या त्या आल्बेर्तो फ्रांकेत्तीचा धाकटा भाऊ. मेदुनाने घालविलेले परत आणणे हे याने आयुष्याचे काम केले. विखुरलेले तुकडे शोधून त्याने चौकातला उघडा जिना पुन्हा बांधविला आणि बार्तोलोमेओ बोनने १४२७ साली कोरलेला विहिरीचा लाल दगडी कठडाही परत मिळविला. त्या कठड्यावर दया, न्याय आणि धैर्य यांच्या बसलेल्या स्त्रीरूपी मूर्ती आहेत. ही विहीर म्हणजे आपल्याकडची जिवंत झऱ्याची विहीर नव्हे. व्हेनिसला गोडे पाणी नव्हते, म्हणून चौकात पडणारा पाऊस वाळूतून गाळून खालच्या हौदात साठवीत आणि कठड्यावरून वाकून तो उपसत. आपल्या वाड्याच्या चौकाशी याचे असलेले साम्य आम्हाला तिथे उभे राहूनच कळले.

फरशी तर फ्रांकेत्तीची स्वतःचीच. तळमजल्याच्या ओसरीत पोर्फिरी हा जांभळट लाल दगड, सर्पेंटाइन हा हिरवा दगड आणि जुन्या संगमरवरांचे तुकडे बसवून केलेली ही भौमितिक नक्षी मध्ययुगीन वाटते, आणि आमच्यापुढच्या एका गटाला वाटाड्या ती तशीच असल्याचे सांगतही होता; प्रत्यक्षात ती विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमधल्या फरशीचा आदर्श ठेवून फ्रांकेत्तीने तिचा आराखडा केला आणि गुडघ्यांवर बसून, कारागिरांबरोबर, तिचे पुष्कळसे काम स्वतःच्या हातांनी केले. तिला नक्कल म्हणणारे म्हणोत. मला या सबंध घरात सर्वांत प्रामाणिक वाटलेली वस्तू तीच, कारण जिन्याचे तुकडे जुने असूनही त्याची बांधणी नवी आहे, दर्शनी बाजू जुनी असूनही तिचे रंग गेले आहेत, आणि ही फरशी मात्र ज्याने केली त्याच्या मनात होती तशीच पायाखाली आहे. १९१६ साली फ्रांकेत्तीने घर आणि आपला संग्रह इटालियन सरकारला दिला. १९२२ साली तो वारला, तेव्हा संग्रहालय उघडलेले नव्हते. ते १८ जानेवारी १९२७ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याच्या अस्थी याच ओसरीत एका पोर्फिरी खांबाखाली आहेत. खांब साधा आहे, लक्ष दिले नाही तर सहज ओलांडून जाल.

वरच्या मजल्यावर एकच वस्तू पाहायला वेळ असेल, तर आंद्रेआ मान्तेन्याचा संत सेबास्तियन पाहावा. १५०६ साली चित्रकार वारला तेव्हा हे चित्र त्याच्या कार्यशाळेत होते. फ्रांकेत्तीने त्याच्यासाठी संगमरवराने मढविलेला एक लहान देवघरासारखा कोनाडा मुद्दाम करून घेतला. बाणांनी भरलेल्या देहाकडे सगळेच पाहतात. खाली उजव्या कोपऱ्यातली विझत चाललेली मेणबत्ती आणि तिच्याभोवती गुंडाळलेली कागदाची पट्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे, की जे दैवी आहे त्याखेरीज काहीच स्थिर नाही, बाकी सारा धूर आहे. यानंतर तुल्लिओ लोंबार्दोचे संगमरवरातील तरुण जोडपे आवर्जून पाहण्यासारखे. टिशियनने १५०८ च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीच्या बाह्य भिंतीवर काढलेल्या भित्तिचित्रांचे तुकडेही या संग्रहात आहेत, पण समुद्री हवेने ते इतके पुसट केले आहेत, की चित्र पाहण्यापेक्षा ते ओळखण्यातच वेळ जातो. पदके आणि कांस्यमूर्ती आम्ही भरभर ओलांडल्या. सज्जात मात्र थांबावे. समोरच्या काठावर दिसणारा मासळी बाजाराचा गॉथिक मंडप तुम्हाला का दोरोचा समकालीन वाटेल, पण तो १९०७ सालचा आहे.

वेळेचे गणित सांगायचे, तर शांतपणे पाहायला दोन तास लागतात. सरकारी संग्रहालय असल्याने महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, मात्र त्या दिवशी गर्दीही तशीच असते. जुनी वास्तू असल्याने दालने दुरुस्तीसाठी बंद ठेवली जातात, तेव्हा निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कोणते मजले खुले आहेत हे अवश्य पाहावे. आम्ही ते पाहिले नव्हते आणि एक बाजू हुकली. एका दिवसापुरते व्हेनिसला येणाऱ्यांना २०२४ पासून ठरावीक दिवशी शहरात प्रवेशाचे शुल्क भरावे लागते, त्याची नोंदणी आधी करावी. ऑक्टोबर ते जानेवारीत मोठ्या भरतीची शक्यता असते. भरती अडविणारे समुद्रातले ‘मोसे’ नावाचे दरवाजे २०२० पासून वापरात आहेत, पण सर्वसाधारणपणे ते ११० सेंटिमीटरच्या वरच्या भरतीलाच उचलतात, म्हणून त्याखालच्या भरतीत सखल जागी पाणी येऊ शकते. फरशी पाहण्यासाठीच जायचे असेल, तर भरतीचा अंदाज बघूनच दिवस ठरवावा. मासळी बाजार पाहायचा असेल तर तो सकाळीच, आणि रविवार-सोमवार सोडून. संध्याकाळी उतारनाव बंद होते. ती चुकली तर पलीकडे जायला रिआल्तोच्या पुलावरून वळसा घालून दहापंधरा मिनिटे चालावे लागते.