लघवीची पट्टी नीट वाचा, मग पोराला बोला

दप्तरात गांजा ओढायचा रोल पेपर किंवा गांजाची चुरगळलेली पुडी सापडली की आधी आरडाओरडा होतो, मग मेडिकलमधून लघवी तपासायची पट्टी येते. पट्टी आणायला हरकत नाही, पण ती वाचताना बरेच पालक चुकतात. पट्टीवर 'सी' आणि 'टी' अशा दोन खुणा असतात. 'सी' म्हणजे पट्टी चालते का ते दाखवणारी खूण, तिथं रेघ उमटलीच पाहिजे, नाहीतर पट्टी बाद. 'टी' म्हणजे निकालाची खूण. तिथं रेघ दिसली, मग ती कितीही फिकट असो, तर निकाल निगेटिव्ह. 'टी'पाशी रेघ नसणं म्हणजे पॉझिटिव्ह. गरोदरपणाच्या चाचणीच्या बरोबर उलट! घाईत हे उलटं वाचलं की काहीच न केलेलं पोर मार खातं. तपासायला सकाळची पहिली लघवी घ्या. घटाघटा पाणी प्यायलं तर खरा निकाल लपतो. घरचा निकाल पक्का नसतो, तो लॅबमधून पडताळावा लागतो.

दुसरी गफलत दिवसांची. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, चरबीत साठतं. एकदाच ओढलं तर पट्टीवर साधारण तीन दिवस दिसतं, रोज ओढणाऱ्याचं महिनाभरसुद्धा. म्हणून सोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात पट्टी पॉझिटिव्ह आली, तर 'परत ओढलास' असा आरोप करू नका.

सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, घाम सुरू होतो. पहिल्या आठवड्यात जोर असतो, बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. घरच्यांना ही नाटकं वाटतात आणि नेमकं तेव्हाच भांडण पेटतं. त्या दिवसांत परीक्षेचा विषय काढूच नये.

'झाडपाल्याचं आहे, दारूपेक्षा बरं' हे पोरं छातीठोक सांगतात. पण मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालते. त्या वयात गांजा ओढला की लक्ष आणि स्मरणशक्तीला फटका बसतो. किशोरवयात सुरू करणाऱ्यांत सहापैकी एकाला व्यसन लागतं, असा अंदाज आहे. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया (भास आणि संशय होणारा मनोविकार) असेल तर तसा आजार होण्याचा धोका आणखी वाढतो. महाशिवरात्रीची भांगही यातलीच. नुसती पानं कायद्याच्या व्याख्येत गांजा नाहीत, पण टीएचसी त्यांतही असतं. प्यायल्यावर चढायला अर्धा ते दोन तास लागतात. तोवर 'काहीच झालं नाही' म्हणून दुसरा पेला जातो आणि मग घाबरगुंडी उडते, छाती धडधडते.

1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात किलोच्या आतला गांजा जवळ सापडला तरी वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याचं कलम 64-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलला मनोविकार विभाग आहे. आधी फोनवर बोलायचं तर 14416 (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) किंवा 14446 (व्यसनमुक्तीची). डॉक्टरांकडे जाताना कधीपासून, किती वेळा, तंबाखू मिसळून का, एवढं लिहून न्या आणि पोराला थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्याला बोलू द्या. कानात आवाज येतात, कुणीतरी मागावर आहे असं म्हणत असेल, तर देवऋषी नको. त्याच दिवशी सिव्हिल गाठा.