लिंकनची ती चाल होती का? तुम्ही विचारलंत म्हणून

लिंकनने खरंच गुलाम सोडवले, की ती नुसती युद्धातली चाल होती? हा प्रश्न मला सारखा विचारला जातो आणि विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलंच असतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याने काढलेला गुलाममुक्तीचा जाहीरनामा दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांपुरताच होता, त्याच्या बाजूने राहिलेल्या केंटकी-मेरीलँडमधले गुलाम तसेच राहिले. हे मला नवं नाही. तीस वर्षं वर्गात मीच सांगत होते, "जिथे त्याचा हुकूम चालत नव्हता तिथले गुलाम सोडले, चालत होता तिथले ठेवले." मुलं हसायची. मला ते वाक्य फार आवडायचं.

लेकीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा शेजारच्या आजींसोबत ओसरीत मटार सोलताना तेच बोलून गेले. त्या कृष्णवर्णीय, मूळच्या साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्टच्या. त्यांचे हात थांबले. "आमचा भाग १८६१ पासून उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या फौजेकडे होता," त्या म्हणाल्या. "१ जानेवारी १८६३ ला तिथे झाडांखाली जाहीरनामा वाचला गेला. माझ्या आजीची आई तेव्हा लहान होती. त्या दिवशी ती सुटली. तिला कुणी ठेवलं, सांगा ना." आवाज चढला नव्हता. मांडीवरच्या शेंगा तशाच होत्या. मला मान वर करता येईना. तिथे हुकूम चालत होता आणि वगळलेल्या भागांच्या यादीत ते गाव नव्हतं. माझं वाक्य साफ चुकीचं होतं, आणि ते मी शेकडो मुलांना शिकवलं होतं.

"गुलाम न सोडता संघराज्य वाचलं तरी चालेल" हे लिंकनने ग्रीली या वृत्तपत्राच्या संपादकाला लिहिलेलं पत्र तुम्ही पुढे करता. ते २२ ऑगस्ट १८६२ चं. जाहीरनाम्याचा मसुदा त्याने महिनाभर आधीच, २२ जुलैला, मंत्रिमंडळापुढे वाचला होता. विजयाची वाट बघा, असं परराष्ट्रमंत्री सुअर्डने सुचवलं म्हणून तो थांबला. आणि चाल तर होतीच! सेनापती म्हणून मिळणाऱ्या युद्धाधिकाराशिवाय त्याच्या हाती दुसरं होतं काय? त्याच जाहीरनाम्याने काळ्यांना फौजेची दारं उघडली. पुढे सुमारे १,८०,००० जण सैन्यात लढले.

तरी केंटकीतली एखादी आई डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत गुलामच राहिली. तिच्यापुढे हे सगळं मला मांडता येत नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, एकट्या लिंकनला नव्हे. त्या अर्पणात केंटकीतली ती आई कुठे बसते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.