करड्या चौकोनाखालची सही: अर्धी हाती लागली

सही दिसली! अर्धीच, पण दिसली. गोदामाच्या भिंतीवर रंगवलेला बगळा, त्या चित्राचा उजवा खालचा कोपरा, आणि चित्रकाराची सही झाकणारा तोच करड्या रंगाचा चौकोन, ज्यावरून गेले तीन महिने मी तुमचं डोकं खातोय.

तिरक्या उजेडाचा प्रयोग साफ फसला. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून रात्री तासभर बसलो. रोलरच्या कडा, ब्रशचे उंचवटे, सगळं उठून आलं. सही मात्र नाही. असणार कशी? ती स्प्रे कॅनने, स्किनी कॅपने (बारीक रेघेच्या नोझलने) मारलेली. एवढ्या पातळ थराला सावली पडतेच कुठे! हे आधी सुचायला हवं होतं.

परवा धो धो पाऊस झाला आणि भिंत चिंब भिजली. बफ, म्हणजे भिंतीवरचं लिखाण झाकायला फासलेला तो करडा रंग, हे पाणी घालून वाढवलेलं इमल्शन. कोरडं असताना त्याच्या छिद्रांतली हवा उजेड विखुरते, म्हणून ते झाकतं. छिद्रांत पाणी शिरलं की तेच अर्धपारदर्शक होतं. आधी सहीवर कोणीतरी मारलेला टॅग (स्प्रेने लिहिलेलं टोपणनाव) उमटला, मग त्याच्याखाली तांबूस वळण, एक वेलांटी आणि शेवटी दोन आकडे. १७, नाहीतर १९. फोनची बॅटरी ४ टक्के, लेन्सवर थेंब. पाच फोटो काढले, त्यातले तीन हललेले. दहा मिनिटांत पाऊस थांबला आणि भिंत वरून सुकत खाली आली.

उरलेले दोन डीस्ट्रेचमध्ये टाकले. जॉन हार्मन यांनी शैलचित्रांसाठी लिहिलेलं, फिके रंग उठवून दाखवणारं हे टूल आपल्यासाठीही सोनं आहे. त्यातल्या एलआरई या तांबडा उठवणाऱ्या सेटिंगवर तांबडा थोडा उजळला, पण जेपेगमध्ये फोटो दाबल्याने पडलेले चौकोनही त्याच जोमाने उजळले, त्यामुळे ७ आणि ९ चा वाद कायम. यापुढे रॉशिवाय (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलशिवाय) काढायचं नाही. बगळ्याच्या मागचा फ्थॅलो निळा (सहसा न उडणारं रंगद्रव्य) अजून टवटवीत आहे, पायांचा लाल मात्र उडालाय. सहीतला लालही तसाच चाललाय, म्हणजे घाई हवी.

परतताना त्याच गल्लीत घोट्याच्या उंचीवर एक स्टेन्सिल (कापलेल्या साच्यावरून स्प्रे केलेलं चित्र) सापडलं: मांजर, हाताएवढं. मिशांमधले ब्रिज (साचा एकसंध ठेवणाऱ्या पट्ट्या) स्पष्ट दिसतात, कडेला ओव्हरस्प्रेची, म्हणजे बाहेर उडालेल्या रंगाची, धूळ. जीपीएसने नेहमीप्रमाणे नकाशावरची पिन समोरच्या इमारतीत टोचली, हाताने सरकवली.

पुढचा बेत पाण्याची स्प्रे बाटली आणि ट्रायपॉड घेऊन जायचा होता. ऑनलाइन नकाशातले त्या रस्त्याचे जुने फोटो आधीच चाळून झालेत. प्रत्येक वर्षी त्या कोपऱ्यापुढे ट्रक उभा! पण हे लिहिताना डोक्यात आलं, टॅग मारणारा आपल्या कामाचा फोटो काढल्याशिवाय जातो का? बफ बसायच्या आधीचा तो फोटो मिळाला, तर टॅगच्या फटींतून सही वाचता येईल. बाटली राहू दे. काळा टॅग, फॅट कॅप (जाड रेघेचं नोझल), तीन अक्षरं, शेवटच्याला खाली ओघळ. कोणाच्या फोल्डरमध्ये आहे का बघा.